सजगतेचा रविवार

ज्या वर्षांत वऱ्हाडाचं दुःख पाहायला बाहेरून गाड्या यायच्या, त्या वर्षांत मी अमरावतीच्या एका संस्थेत नोकरीला होतो. गाडी आली की आधी चहा, मग भिंतीवरचा नकाशा, मग भातकुलीकडचं एखादं गाव, मग परत चहा. पाहुणे दोन प्रकारचे असत. एक लिहून घेणारे आणि दुसरे डोळे पुसणारे. लिहून घेणारे परवडायचे. ते लवकर जात.

संस्थेचं काम तसं सरळ होतं. ज्या शेतकरी घरातला कर्ता माणूस कर्जापायी गेला, त्या घरच्या मुलींना शहरात ठेवून अकरावी-बारावी शिकवायची. बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं होस्टेल होतं. मी मुलींना इंग्रजी शिकवत असे आणि उरलेल्या वेळात संस्थेचे अहवाल लिहीत असे. दुसऱ्या कामाला कल्पनाशक्ती जास्त लागे. संचालकांना सगळे दादा म्हणत. आमच्या क्षेत्रात साहेब म्हणायची पद्धत नाही. सगळे दादा, ताई, भाऊ. त्यामुळे रजा नाकारली गेली तरी ती घरच्याच माणसानं नाकारल्यासारखी वाटते.

आणखी एक काम होतं. एखाद्या गावात वाईट घडल्याचं कळलं की संस्थेचं माणूस त्या घरी जाई. हे माणूस म्हणजे आपा.

आपा अकोल्याच्या. त्यांच्या नवऱ्याचं तिथे कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान होतं. आठवडाभर आपा होस्टेलच्याच एका खोलीत राहत आणि शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी धरून घरी जात. पन्नाशी ओलांडलेली बाई, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी, आणि जीभ अशी की दादासुद्धा त्यांच्याशी बोलण्याआधी जरा घसा साफ करत.

आमच्याकडे कुणी गेलं की लोक त्या घरी बसायला जातात. चपला बाहेर काढायच्या, ओसरीतल्या सतरंजीवर खाली मान घालून बसायचं आणि गप्प राहायचं. काय झालं, कसं झालं, हे विचारायचं नाही. विचारणं उद्धटपणाचं समजतात. घरच्या कुणाला बोलावंसं वाटलं तर तो बोलतो, नाहीतर तासाभरानं उठून आपण आपल्या वाटेनं जातो. आपांनी काही वर्षं हे बसणं केलं. आज या गावात, परवा त्या गावात, कधी एकाच गावात दुसऱ्यांदा. मुली होस्टेलला आल्या त्या बहुतेक या बसण्यातूनच आल्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर आपा दादांच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी तिथेच अहवालात शिरलो होतो.

"दादा, मले आता बसाले पाठवू नका."

"काय झालं आपा?"

"काई झालं नाई. होस्टेलचं काम द्या मले. भाजी निवडीन, पोरीच्या वेण्या घालीन, झाडूबी मारीन. पण त्या घरात नाई जाणार. इतवारी घरी जातो तं तिथंबी मी बसलेलीच रायतो. आमच्या घरचे म्हणते, तू कोपऱ्यात बसली का मले वाटते आपल्याच घरी मयत झाली."

दादा हळहळले. ते मनापासून हळहळत, हे मला मान्य केलं पाहिजे. मग ते म्हणाले, "पण आपा, तुमच्यासारखं बसणं कुणालाच जमत नाही हो."

या एका वाक्यावर आमच्या क्षेत्रातली निम्मी माणसं राबवली जातात.

"काहीतरी करू," असंही दादा म्हणाले. आणि त्यांनी केलं. मदत देणाऱ्या मंडळींना त्यांनी कळवलं की आमच्या कार्यकर्त्यांवर मानसिक ताण आहे. त्या मंडळींना ताण या विषयात भारीच रस निघाला. आपांच्या जागी दुसरं माणूस नेमायला त्यांच्याकडे तरतूद नव्हती, पण ताणासाठी होती. जानेवारी सरता सरता कळलं की पुण्याहून दोन प्रशिक्षक येतील आणि कार्यकर्ते व विद्यार्थिनी यांच्यासाठी सजगतेचं, म्हणजे आपल्या श्वासाकडे लक्ष द्यायचं, शिबिर घेतील. उपक्रमाचं नाव होतं 'स्वतःशी मैत्री'. हजेरी सर्वांना सक्तीची. वार रविवार, कारण इतर दिवशी काम असतं.

मी ही बातमी आपांना सांगितली तेव्हा त्या पालक निवडत होत्या.

"म्हंजे मी म्हणलं मले पाठवू नका, तं ते म्हणते तू श्वास घे?"

"साधारण तसंच."

"मंग आतापर्यंत मी काय घेऊन राहिलो होतो, मास्तर?"

त्यांनी पालकाची जुडी जोरात झटकली. "माहा इतवारबी गेला," त्या म्हणाल्या.

रविवारी दुसरीही एक अडचण होती. तो होस्टेलवर घरच्यांनी भेटायला येण्याचा वार. आईच यायची बहुधा. डब्यात भाकरी, ठेचा, एखादीला गुळाच्या पोळ्या. दादांनी मुलींना सांगून ठेवलं, घरी निरोप द्या, या रविवारी कुणी येऊ नका. मुली हो म्हणाल्या. आता सांगा, होस्टेलचं वरण रोज जेवणारी कोणती मुलगी आपला डबा आपणच परत पाठवील? एकीनंही निरोप दिला नाही. हे आम्हाला नंतर कळलं, आणि कळल्यावर त्यांचं काही चुकलं असंही वाटलं नाही.

प्रशिक्षक आले. एक तरुणी आणि एक तरुण, दोघांचे कपडे चुरगळलेले, पण महाग चुरगळलेले. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. दोघं हळू बोलत, हसून बोलत आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहून बोलत, त्यामुळे आमचा ड्रायव्हर सकाळपासून त्यांना टाळत होता. तरुणाजवळ काशाची एक वाटी होती. तिच्या काठाला तो लाकडी दांडा लावून फिरवी आणि तिचा घुमणारा आवाज बराच वेळ हवेत राही. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "भांडेवाली आली वं."

सुरुवात मनुक्यानं झाली. प्रत्येकाच्या तळहातावर एकेक मनुका ठेवला गेला. तो पाहायचा, हुंगायचा, कानाशी नेऊन ऐकायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि मग कुठे सावकाश चावायचा. प्रशिक्षक ताईंचं हे सांगून व्हायच्या आत हॉलमधले जवळजवळ सगळे मनुके संपले होते.

"तुझा कुठे आहे?" त्यांनी पुढच्या मुलीला विचारलं.

"गेला."

"कसा होता?"

"एकच होता, मॅडम."

मुलगी तक्रार करत नव्हती. विचारलं ते सांगत होती.

त्यानंतर सगळ्यांनी पाठीवर सरळ झोपायचं होतं. पाय लांब, हात अंगाशेजारी, डोळे मिटलेले. आधी पायाच्या अंगठ्याकडे लक्ष न्यायचं, मग घोट्याकडे, मग पोटरीकडे. सगळ्यांचं लक्ष पोटरीपर्यंत काही पोचलं नाही. पहाटे पाण्याच्या रांगेसाठी उठणाऱ्या, कॉलेज करून संध्याकाळी क्लासला जाणाऱ्या या मुली. त्यांना सतरंजीवर आडवं करून वर कोणी मऊ आवाजात बोलत असेल तर दुसरं काय होणार? घोरण्याचे आवाज सुरू झाले. पहिल्यांदा ताईंच्या चेहऱ्यावर जरा निराशा आली. मग त्या म्हणाल्या, "असू द्या. त्यांच्या शरीराला त्याची गरज आहे."

अख्ख्या दिवसातलं हे सर्वांत शहाणं वाक्य. मी तेव्हाही मनातल्या मनात तसं म्हटलं होतं.

वाटी वाजवून मुलींना उठवलं. एक उठेना. ती भातकुलीकडच्या खेड्यातली, अभ्यासात सर्वांच्या पुढे आणि त्यामुळे झोपेत सर्वांच्या मागे. तोंडावर माश्या बसत होत्या म्हणून तिनं ओढणी चेहऱ्यावर घेतली होती. मैत्रीण तिला हलवायला गेली तर ताईंनी हातानंच थांबवलं. तिला राहू द्या. हॉलचं दार उघडंच ठेवून आम्ही बाकीचे व्हरांड्यात आलो.

व्हरांड्यात दुसरी सतरंजी अंथरली होती. आता शांत बसायचं होतं. पाऊण तास, मौन, नजर खाली किंवा डोळे बंद, मनात जे येईल ते येऊ द्यायचं. चपला पायऱ्यांखाली ढिगानं पडल्या होत्या. ऊन तिरपं येत होतं म्हणून मुलींनी ओढण्या डोक्यावर घेतल्या. आपा सवयीनं खांबाला टेकल्या, गुडघे पोटाशी, पदर कपाळापर्यंत. दादा मधोमध. वाटी घुमली आणि सगळे गप्प झाले.

मला कुणी डोळे मिटायला सांगितले की बाकीच्यांनी मिटलेत का ते मी पाहतो. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं.

आधी समोरच्या घरची म्हातारी फाटकाशी आली. तिनं चपलांचा ढीग पाहिला, सतरंजी पाहिली, खाली घातलेल्या माना पाहिल्या. डोक्यावर पदर ओढला, चप्पल काढली आणि आवाज न करता बायकांच्या कडेला येऊन बसली. मला वाटलं, शेजारणीला उत्सुकता असते. मग दूधवाला आला. फाटकाबाहेर त्यानं मोटारसायकल हातानं ढकलत बाजूला लावली, म्हणजे इंजिनाचा आवाज नको. टोपी काढून हातात घेतली आणि पुरुषांच्या बाजूला टेकला. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला सुरुवात झाली. मी तोंड उघडणार तोच प्रशिक्षकानं ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे प्रेमानं पाहिलं. नव्या आलेल्यांकडे पाहून तर त्याचा चेहरा उजळला होता. वस्तीचा असा सहभाग त्याला पुण्यात कधी लाभला नसावा. शेजारपाजारच्या आणखी दोघी-तिघी आल्या. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

आणि मग ती आई आली.

भातकुलीच्या एसटीनं येऊन, स्टँडवरून ऑटो करून, हातात फडक्यात बांधलेला डबा घेऊन ती फाटकातून आत आली आणि थबकली. तिनंही आम्ही बसलो होतो ते सगळं पाहिलं. मग तिची नजर मुलींच्या रांगेवरून फिरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत त्या टोकापासून या टोकापर्यंत. प्रत्येक ओढणीखाली वाकून पाहावं तशी ती पाहत होती. सगळ्यांच्या पोरी होत्या. तिची नव्हती. तरी ती विचारीना. दोन पावलं पुढे आली, तिची नजर हॉलच्या उघड्या दाराकडे गेली आणि आत सतरंजीवर सरळ झोपवलेली, तोंडावर ओढणी घातलेली आपली मुलगी तिला दिसली.

या घरानं आधी एक माणूस घालवलेलं होतं. तो आवाज मला लिहिता येणार नाही, आणि लिहायची इच्छाही नाही.

डबा पायऱ्यांवर आपटला. तिच्या पाठोपाठ समोरच्या म्हातारीनं गळा काढला, म्हातारीबरोबर बाकीच्यांनी. प्रशिक्षकानं घाबरून वाटी वाजवली. आपा सर्वांच्या आधी उठल्या होत्या. त्यांनी त्या आईला दाराशीच कवेत धरलं आणि तिच्या कानाशी ओरडत राहिल्या, "जिती हाये वं माय, जिती हाये! निजली हाये पोरगी! पाह्य इकडे, पाह्य!"

या कल्लोळानं मुलगी जागी झाली. ओढणी बाजूला करून उठून बसली आणि म्हणाली, "काय झालं वं आई? डबा पडला काय?"

आईनं आधी तिच्या एक थोबाडीत मारली. मग तिला असं धरलं की मुलीला श्वास घेता येईना.

"असं सरळ कोणी निजते काय वं? तोंडावर घेऊन?"

"थ्या मॅडमनंच सांगतलं सरळ निजाले."

दूधवाला टोपी हातात घेऊन अजून तसाच उभा होता. "मंग गेलं कोण?" त्यानं दादांना विचारलं.

"कुणीच नाही."

"मंग बसले काहून तुमी सारे?"

दादांनी प्रशिक्षकाकडे पाहिलं. प्रशिक्षकानं वाटीकडे. समोरची म्हातारी मात्र चिडली. गॅसवरचा कुकर बंद करून आली होती ती. "मरण नाई काई नाई अन् लोकाईले रडाले लावता!" असं म्हणत तिनं ढिगातून आपली चप्पल शोधली. तेवढ्या घाईत एक माझी घातली, ती संध्याकाळी परत आणून दिली.

मला वाटलं होतं की आता शिबिर आटोपेल. पण कार्यक्रमात समारोपाचं वर्तुळ होतं आणि ते झालं. प्रत्येकानं आत्ता काय वाटतंय ते एका शब्दात सांगायचं. मुलींनी ओळीनं 'भूक' सांगितलं. आपांची पाळी आली. त्या म्हणाल्या, "एका शब्दात नाई येत."

ताईंचे डोळे भरून आले होते. त्या आपांना म्हणाल्या, "तुम्ही ज्या प्रकारे त्या आईला धरलंत ना, ती उपस्थिती आम्ही शिकवतो. तुमच्यात ती आहेच. खरं तर ही सत्रं तुम्हीच घ्यायला हवीत."

हे ऐकून दादांचा चेहरा खुलला. ज्या माणसाला एखादं काम जमतं त्याला आणखी दोन द्यावीत, हा आमच्याकडचा एकमेव व्यवस्थापकीय सिद्धांत आहे. "का नाही?" दादा म्हणाले. "भेटी तर आपा करतातच. महिन्यातून एखादा रविवार हेही बघतील."

मी आयुष्यात बऱ्याच सभा पाहिल्यात. पण एखाद्या माणसाचं दुखणं त्याच्याच हातात कामाचं नवं ओझं म्हणून परत ठेवलेलं, तेही टाळ्यांसकट, इतक्या सफाईनं मी कुठे पाहिलं नाही.

आपा उठल्या. आपल्या खोलीत गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"दादा, मी अकोल्याले जाऊन राहिलो."

"हो हो, जा ना. उद्या सकाळी याच."

"नाई. होस्टेलचं काम देसान तेव्हा येईन."

"आपा, तुम्ही थकलायत. आज तर सगळ्यांचीच मनं मोकळी झाली..."

"सुटीच्या रोजीबी बसवलंच ना मले?" आपा म्हणाल्या. "मयत नसतानाबी बसवलं. अजून कितीक बसू?"

बडनेऱ्याला सोडायला मी निघालो तर म्हणाल्या, "नको मास्तर. तुमी अहवाल लिवा." रिक्षात बसताना मात्र वळल्या. "लिवा का पोरी चांगल्या निजल्या. खोटं नाई हाये ते."

तो आठवडा दादा म्हणत राहिले, येतील, कुठे जातायत. मग चांदूर बाजारकडच्या एका गावातून निरोप आला. दादांनी सवयीनं आपांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर मुलींच्या धुतलेल्या चादरी होत्या. दुसऱ्या कुणाला पाठवावं म्हटलं तर कुणाची मुलं आजारी, कुणाची गाडी नादुरुस्त. शेवटी दादा आणि मी गेलो.

ओसरीत बसलो. दादांना काय करावं ते सुचेना, तेव्हा नुकतंच शिकलेलं त्यांना आठवलं असावं. त्यांनी पाठ ताठ केली, तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवले आणि डोळे मिटले. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि वाकून हळूच म्हणाला, "झोप येऊन राहिली काय साहेब? मांगं बाज टाकेल हाये."

दादांनी डोळे उघडले. नंतर मिटले नाहीत. थोड्या वेळानं आतून गेलेल्याची आई आली आणि दादांच्या पुढ्यात बसली. तिला वाटलं असावं, हे कुणी मोठे आहेत, हे काहीतरी सांगतील. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. दादा चांगले बोलणारे, मोठमोठ्या सभा बोलण्यावर जिंकलेले. ते काहीच बोलू शकले नाहीत. खाली बघायचं असतं हेही विसरले. ती पाहत होती आणि ते पाहत होते. मी सतरंजीची वीण मोजत होतो.

परतीच्या वाटेवर चांदूर बाजारात गाडी थांबवली. दादांनी चहा सांगितला आणि घेतला नाही. होस्टेलला पोचल्यावर नळावर हातपाय धुतले, मग पुन्हा धुतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"आपांना फोन लावा. म्हणावं, होस्टेलचं काम तुमचंच."

"आणि भेटी?"

"पाळी लावू. सगळ्यांची. माझीसुद्धा."

"दिवाळीपासून त्या हेच सांगत होत्या," मी म्हणालो.

"मला वाटलं ताण म्हणजे..." दादा बोलता बोलता थांबले आणि वाक्य तसंच टेबलावर पडून राहिलं.

मी फोन लावला. मागे दुकानात कापूस पिंजल्याचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेतल्यावर आपा म्हणाल्या, "म्हंजे दादा एकडाव बसले."

"हो. एकदाच."

"एकडावातच?" आणि बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "दादाले म्हणा, श्वास घ्या."

अहवाल मी लिहिला. शिबिराचा कार्यकर्त्यांच्या स्वास्थ्यावर प्रत्यक्ष परिणाम दिसून आला, असं त्यात होतं, आणि शब्दशः पाहिलं तर ते खरंच होतं. पुढच्या वर्षी त्या मंडळींनी शिबिर पुन्हा देऊ केलं. ते शनिवारी सकाळी ठेवलं आणि त्यात मनुक्यांची अख्खी पुडी ठेवायला सांगितली, एवढी सुधारणा आम्ही करून घेतली.

आपा सोमवारी परत आल्या. भाजी निवडू लागल्या, वेण्या घालू लागल्या. शनिवारी संध्याकाळी पिशवी घेऊन निघाल्या की कुणी त्यांना अडवत नसे. त्यांनी होस्टेलला नियम असा एकच लावला. दुपारी कॉलेजहून येऊन मुली आडव्या झाल्या की त्या प्रत्येक खोलीच्या दारातून डोकावत आणि जी पाठीवर सरळ झोपलेली दिसे तिच्या पायाला हलकेच टपली मारत.

"कुशीवर व्हय वं. अन् तोंडावरचं काढ."

मुलगी झोपेतच कूस बदलायची. आपा पुढच्या खोलीकडे जायच्या.